भाऊ सहा वर्षं एमपीएससी करतोय, त्याला थांब म्हणावं का?

एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. धाकटा भाऊ २९ वर्षांचा, बीएस्सी ॲग्री, परभणी जिल्ह्यातला. सहा वर्षं पुण्यात राहून एमपीएससीच्या राज्यसेवा (उपजिल्हाधिकारी, तहसीलदार अशा पदांची) आणि कंबाईन (त्याखालच्या पदांची संयुक्त) या परीक्षा देतोय. प्री म्हणजे पूर्व परीक्षा तीनदा निघाली, मेन्स म्हणजे मुख्य परीक्षा एकदाही नाही. वडील कोरडवाहू शेतीतून दरमहा पैसे पाठवतात. भाऊ रोज रात्री अधिकाऱ्यांची भाषणं ऐकूनच झोपतो. मध्यंतरी गावातल्या एका मुलाची पोस्ट निघाली, म्हणजे निवड झाली, जेसीबीतून गुलाल उधळून मिरवणूक झाली आणि तेव्हापासून भावाने घरचे फोन घेणं कमी केलं. त्याला थांब म्हणायचं, की तसं म्हणून आपणच त्याचे पाय ओढतोय, हे ताईंना कळत नाही.

ताई, मी बरीच वर्षं पुण्यात राज्यसेवेच्या मुलामुलींना शिकवतो, टेस्ट सिरीजचे पेपर काढतो, मुलाखतीच्या सरावाला पॅनेलवर बसतो. पोस्ट निघालेल्यांचे पेढे खाल्लेत आणि सामान बांधून गावाकडे निघालेल्यांना स्टेशनवर सोडायलाही गेलोय. उत्तर आधीच सांगतो. त्याला ‘थांब’ म्हणू नका आणि ‘लढ, आम्ही आहोत’ असंही म्हणू नका. त्याच्याकडे आजवरच्या परीक्षांची गुणपत्रकं मागा. निर्णय त्या कागदांवर होऊ द्या, भाषणांवर नको आणि गावातल्या मिरवणुकीवर तर नकोच नको.

पण कागद वाचायला बसण्याआधी एक गोंधळ दूर करायला हवा. तो फक्त तुमच्या भावाच्या डोक्यात नाही, आपल्या सगळ्यांच्याच आहे. कष्ट केले की यश मिळतं, असं आपण लहानपणापासून ऐकतो. पोहणं शिकायचं असेल, इंग्रजी शिकायचं असेल, डाळिंबाची बाग उभी करायची असेल तर ते बऱ्याच अंशी खरंही आहे. एकाला पोहता आलं म्हणून दुसऱ्याचं पोहणं अडत नाही. स्पर्धा परीक्षेत तसं नसतं. तिथे जागा आधी ठरतात आणि मग माणसं मोजली जातात. २०२३ च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास पदांसाठी दहा लाखांहून जास्त अर्ज आले. यूपीएससीच्या २०२३ च्या नागरी सेवा परीक्षेत शेवटच्या यादीत १,०१६ नावं होती आणि ती परीक्षाही दरवर्षी दहा लाखांच्या घरात अर्ज ओढते. उद्या या सगळ्यांनी दुप्पट अभ्यास केला तर काय होईल? कट-ऑफ वर जाईल. यादीतली नावं तेवढीच राहतील.

हे इतकं साधं असूनही पेठेत, म्हणजे पुण्यात ही मुलं राहतात त्या भागात, कुणी मोठ्याने बोलत नाही, आणि त्यामुळे मुलांचं फार नुकसान होतं. नाव न आलेला मुलगा स्वतःला विचारतो, ‘माझं कुठे चुकलं?’ बऱ्याचदा कुठेच चुकलेलं नसतं. राज्यसेवेच्या पूर्व परीक्षेचा सामान्य अध्ययनाचा पेपर १०० प्रश्नांचा, २०० गुणांचा. बरोबर उत्तराला दोन गुण, चुकलं तर पाव हिस्सा वजा, म्हणजे अर्धा गुण. दोन मुलं एकाच अभ्यासिकेत शेजारी बसतात, तीच पुस्तकं वाचतात, एकाच प्रश्नावर दोघांचीही दोन पर्यायांत अडचण होते. एकाचा गोल बरोबर पडतो, दुसऱ्याचा चुकतो. फरक अडीच गुणांचा. कट-ऑफच्या आसपास अडीच गुणांत किती मुलं असतात हे निकाल लावणाऱ्यांनाच ठाऊक. मग पहिली उत्तरतालिका येते, हरकती जातात, अंतिम उत्तरतालिकेत एखादं उत्तर बदलतं, एखादा प्रश्न रद्द होतो, आणि कालपर्यंत आत असलेला मुलगा बाहेर पडतो. यात त्याच्या जिद्दीचा, संस्कारांचा, आईवडिलांच्या पुण्याईचा काही संबंध नसतो.

म्हणून पोस्ट निघालेल्यांची भाषणं ऐकताना सावध राहायला हवं. यातले कित्येक माझे विद्यार्थी आहेत. ती मुलं खोटं बोलत नाहीत. बारा तास अभ्यास केला, मोबाईल बंद ठेवला, चार वर्षं सणाला घरी गेलो नाही, हे ते सांगतात ते खरंच असतं. पण ज्याचं नाव आलं नाही त्यानेही तेच केलेलं असतं, आणि त्याला कुणी माईक देत नाही. दोघांच्या दिनचर्या शेजारी ठेवल्या तर फरक सापडणार नाही. तेव्हा ‘मी हे केलं’ एवढं त्या अधिकाऱ्याकडून जरूर घ्यावं. ‘मी हे केलं म्हणून झालं’ यातल्या ‘म्हणून’ला मात्र पुरावा नसतो.

२०२३ साली बारावीला नापास झालेल्या एका आयपीएस अधिकाऱ्यावर हिंदी चित्रपट आला. ते अधिकारी महाराष्ट्र केडरचेच, त्यामुळे आपल्याकडे तो जास्तच गाजला. मला तो आवडला. त्याचे तुकडे आजही मुलांच्या स्टेटसला असतात. पण त्यात आणखी एक पात्र आहे: सगळे अटेम्प्ट संपलेला, पोस्ट न मिळालेला, नंतर चहाचं दुकान टाकून मागून येणाऱ्या मुलांना आधार देणारा. चित्रपट बनवणाऱ्यांनी त्याला नायकाइतक्याच प्रेमाने रंगवलंय. तरी त्याचा तुकडा स्टेटसला ठेवणारा मुलगा मला अजून भेटलेला नाही. आपण त्यातून एकच माणूस निवडला, दुसरा आपल्याला बघायचाच नव्हता.

आता काळाबद्दल, कारण तुमच्या भावाची सहा वर्षं गेली तो काळ साधा नव्हता. २०२० ची राज्यसेवा पूर्व परीक्षा त्या वर्षी ५ एप्रिलला व्हायची होती. करोना आला, तारखांवर तारखा पडल्या. मार्च २०२१ मध्ये आणखी एकदा ती पुढे ढकलली तेव्हा मुलं शास्त्री रोडवर उतरली, आणि अखेर २१ मार्च २०२१ ला परीक्षा झाली. २०१९ च्या राज्यसेवेत निवड झालेल्या ४१३ जणांचा निकाल जून २०२० मध्ये लागला, पण आरक्षणाचा प्रश्न न्यायालयात गेल्यामुळे हातात नेमणुकीचं पत्र यायला वर्षाहून जास्त काळ गेला. म्हणजे पेढे वाटून झाले, सत्कार झाले, आणि मुलगा पुन्हा त्याच कॉटवर. ऑगस्ट २०२४ मध्ये एमपीएससी आणि बँकेची परीक्षा एकाच दिवशी आली, पुन्हा आंदोलन, पुन्हा तारीख पुढे, आणि ती परीक्षा डिसेंबरात गेली. या मुलांची जी वर्षं गेली त्यातली सगळी त्यांनी ‘घालवलेली’ नाहीत. घरच्यांनी ‘सहा वर्षांत काय केलंस?’ असं विचारण्याआधी हे लक्षात ठेवावं.

आणि ज्यांना हे सगळं ‘सरकारी नोकरीचं वेड’ वाटतं, त्यांच्याशी माझं पटत नाही. परभणी, हिंगोली, बीडकडच्या मुलाने कृषी पदवी घेतली तर त्याच्यासमोर काय असतं? सोयाबीन-कापसाचा भाव त्याच्या हातात नाही, पाऊस नाही. खासगी नोकरी म्हणजे बियाणं किंवा औषध कंपनीत फिरतीचं काम, टार्गेट आणि सहा महिन्यांनी ‘बघू’. लग्नाच्या बाजारात शेती करणाऱ्या मुलाला कुणी उभं करत नाही. आणि ज्या घरातले आजोबा चावडीच्या पायरीशी उभे राहून बोलत होते, त्या घरातला नातू त्याच चावडीच्या वरच्या कचेरीत खुर्चीवर बसणार असेल, तर त्या इच्छेला वेड म्हणणं मला मान्य नाही. ती मानाची मागणी आहे आणि रास्त आहे.

मुलींचं तर आणखी वेगळं आहे. मी शिकवलेल्या अनेक मुलींसाठी ‘एमपीएससी करतेय’ हे घरापासून दूर राहण्याचं, लग्न दोन-तीन वर्षं पुढे ढकलण्याचं गावाला मान्य असलेलं एकमेव कारण होतं. पुण्यात त्या पहिल्यांदा एकट्या बसमध्ये चढल्या, बँकेत खातं उघडलं, भाडेकराराचा कागद स्वतः वाचला. त्यातल्या काहींची पोस्ट निघाली. बऱ्याच जणींची निघाली नाही. तरी त्यांच्या आयुष्यातली ती वर्षं वाया गेली असं माझ्यासमोर कुणी म्हणू नये. त्याच वेळी हेही सांगितलं पाहिजे की मुलाला घरून पाच-सहा संधी मिळतात आणि मुलीला दोन. ‘या वेळी नाही झालं तर स्थळ बघू’ हे वाक्य डोक्यात ठेवून ती पेपरला बसते. ज्या घरात मुलगी अभ्यास करतेय त्या घराने निदान हे वाक्य परीक्षेच्या आदल्या महिन्यात तरी तोंडातून काढू नये.

आता तुमच्या भावाच्या कागदांकडे येऊ. प्री तीनदा निघणं ही साधी गोष्ट नाही. त्याला वाचन आहे, स्मरण आहे, पर्यायांतून बरोबर उत्तर ओळखता येतं. मेन्स निघत नाही याचं कारण मात्र गुण पाहिल्याशिवाय कळणार नाही. प्रत्येक वेळी कट-ऑफपासून किती लांब होता? ते अंतर दर वेळी कमी होतंय, तेवढंच आहे, की वाढतंय? कोणत्या पेपरने खाली ओढलं? अंतर कमी होत असेल तर आणखी एका अटेम्प्टला अर्थ आहे. तेवढंच राहिलं असेल तर तीच पुस्तकं आणखी एकदा वाचून ते कमी होणार नाही. मी पाहिलेल्या मुलांत तिसऱ्या मेन्सनंतर, पद्धत न बदलता, एकदम उडी मारणारी मुलं फार थोडी.

त्याहून महत्त्वाचं असं की तो ज्या राज्यसेवेची तयारी करत आला ती परीक्षाच आता राहिलेली नाही. जुन्या मेन्समध्ये सामान्य अध्ययनाचे चारही पेपर वस्तुनिष्ठ होते, गोल भरायचे. सगळे मिळून ८०० गुण आणि १०० ची मुलाखत. २०२५ पासून ती वर्णनात्मक झाली. एकूण नऊ पेपर. मराठी आणि इंग्रजीत फक्त पात्र व्हायचं. निबंध, सामान्य अध्ययनाचे चार आणि वैकल्पिक विषयाचे दोन मिळून १,७५० गुण, वर २७५ ची मुलाखत. हा बदल २०२३ पासूनच व्हायचा होता. मुलांनी वेळ मागितला आणि तो दोन वर्षं पुढे गेला. उत्तर ओळखता येणं आणि उत्तर लिहिता येणं ही दोन वेगळी कामं आहेत. लक्ष्मीकांतचं राज्यघटनेवरचं पुस्तक पाठ असलेली मुलं ‘राज्यपालांचा स्वेच्छाधिकार’ यावर दीडशे शब्द लिहायला बसवली की पेन चावत बसतात, हे मी दर आठवड्याला बघतो. मुद्दे असतात, पण ते कोणत्या क्रमाने मांडायचे हे सुचत नाही, पहिल्याच वाक्यात व्याख्या येते आणि वेळ संपते.

त्यामुळे त्याला एक साधी चाचणी घ्यायला सांगा. त्यासाठी क्लास लागत नाही. रोज दोन प्रश्न, प्रत्येकी दीडशे शब्द, घड्याळ लावून, महिनाभर. शेवटच्या आठवड्यातली उत्तरं एखाद्या जाणत्याला दाखवावीत, मित्राला नको. मित्र ‘भारी लिहिलंय’ म्हणतो. लिहिताना त्याला बरं वाटत असेल, हात सुटत असेल, तर नवी राज्यसेवा त्याच्यासाठी आहे, आणि कृषी हा वैकल्पिक विषय घेता येतो, तिथे त्याची पदवी कामाला येईल. लिहिणं जिवावर येत असेल तर राज्यसेवा सोडून द्यावी आणि कंबाईनवर सगळा जोर लावावा, कारण तिथली मुख्य परीक्षा अजून वस्तुनिष्ठ आहे आणि त्याची ताकद नेमकी तीच आहे. एएसओ (सहायक कक्ष अधिकारी), एसटीआय (राज्य कर निरीक्षक) या पोस्ट कमी नाहीत. उपजिल्हाधिकारी नाही झालो तर काहीच नाही झालो, ही कल्पना पेठेत वाढते. गावात एसटीआयलाही ‘साहेब’च म्हणतात.

वयाबद्दल जे सांगणार आहे ते कृपया त्याला आजच वाचून दाखवा. २०१६ मध्ये राज्याने खुल्या प्रवर्गाची कमाल वयोमर्यादा ३३ वरून ३८ केली; मागास प्रवर्गांना ती ४३ आहे. मुलांना वाटतं, अजून नऊ-दहा वर्षं आहेत. हे दार उघडं दिसतं म्हणून मुलं त्यासमोर बसून राहतात, आणि तोवर बाकीची दारं एकेक करून बंद होतात. बँकांमधल्या कृषी अधिकारी पदासाठी आयबीपीएस ही बँकभरतीची संस्था जी परीक्षा घेते, तिला चार वर्षांची कृषी पदवी लागते, ती त्याच्याकडे आहे. पण खुल्या गटाची मर्यादा ३० आहे. ओबीसीला तीन आणि एससी-एसटीला पाच वर्षं सवलत. बँकेच्या पीओ (प्रोबेशनरी ऑफिसर) परीक्षेचंही ३० च. रिझर्व्ह बँकेच्या ग्रेड बी अधिकारी परीक्षेचंही तसंच. तो आज २९ चा आहे. राज्यसेवा त्याची आणखी काही वर्षं वाट बघेल, बँक बघणार नाही. हे कोष्टक कागदावर लिहून भिंतीवर लावावं: कोणती परीक्षा, कोणत्या वयापर्यंत. ज्या मुलांनी वेळेत हे केलं त्यांना पुढे सोपं गेलं. बँकेत लागलेला मुलगा नोकरी करत राज्यसेवा देऊ शकतो, आणि तो पेपरला बसतो तेव्हा त्याच्या हाताला घाम येत नाही.

सरकारी परीक्षांच्या बाहेरही त्याच्या पदवीला किंमत आहे आणि ती त्याला पुण्यात बसून दिसत नाही. कीटकनाशकं विकायच्या परवान्यासाठी कृषी किंवा ठरावीक विज्ञान विषयांची पदवी-पदविका लागते. तालुक्याच्या ठिकाणी कृषी सेवा केंद्र टाकायचं तर तो स्वतःच्या नावावर टाकू शकतो, आणि पानावरचा डाग बघून योग्य औषध सांगणारा दुकानदार शेतकऱ्यांना हवाच आहे. शेतकरी उत्पादक कंपन्यांना हिशेब, शासकीय योजना आणि पीक तिन्ही कळणारा माणूस शोधून सापडत नाही. साखर कारखान्यांचे शेतकी विभाग आहेत, ठिबकच्या कंपन्या आहेत. राज्यसेवेच्या अभ्यासामुळे त्याला पंचायत राज कळतं, जमिनीचा कायदा कळतो, शासन निर्णय वाचून त्यातलं नेमकं कामाचं कलम काढता येतं. तालुक्यात हे येणारी माणसं फार नाहीत. हे शिकलेलं त्याच्याकडून कुणी काढून घेणार नाही, आयोगसुद्धा नाही.

एक प्रश्न मी प्रत्येक मुलाला विचारतो: तुला नायब तहसीलदाराचं काम करायचंय की नायब तहसीलदार व्हायचंय? मिरवणुकीत आणि मोबाईलवर दिसते ती गाडी, तो सलाम. काम म्हणजे फेरफारावरच्या हरकतींची सुनावणी, दोन भावांच्या बांधाचं भांडण, गारपिटीनंतर तीन दिवसांत उरकायचे पंचनामे, रात्री दोनला वाळूच्या ट्रॅक्टरमागे नदीपात्रात जाणं, निवडणुकीच्या याद्या, मंत्र्यांचा दौरा, आणि मुलांच्या शाळेच्या मध्यावर आलेली बदली. भावाला सांगा, तालुक्याच्या तहसील कचेरीत दोन दिवस नुसता बाकावर बसून ये. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ वाचताना ज्याला त्यातली माणसं दिसतात, गावातला वाद सोडवताना ज्याला आनंद होतो, तो या नोकरीत सुखी होतो. ज्याला फक्त मान हवाय त्याला पोस्ट मिळाल्यावर वर्षभरात रितेपणा येतो. तसे फोनही मला येतात.

घरी काय करावं, हे तुमच्या हातातलं आहे म्हणून सांगतो. पेठेत राहायचं म्हणजे कॉट, मेस, अभ्यासिका, टेस्ट सिरीज, पुस्तकं मिळून महिन्याला दहा हजारांच्या आसपास जातात. वडील ते कुठून पाठवतात हे त्याला माहीत आहे का? बऱ्याच घरांत मुलाला ताण नको म्हणून हे लपवतात. मुलाला अंदाज असतोच, आणि न बोललेला आकडा त्याच्या डोक्यात खऱ्यापेक्षा मोठा होतो. वडिलांनी त्याला शांतपणे सांगावं: एवढं उत्पन्न, एवढं पीककर्ज, एवढे तुला, आणि हे आम्ही अमुक महिन्यापर्यंत करू शकतो. हे ऐकून मुलं खचत नाहीत. मी पाहिलंय, मुदत आणि रक्कम स्पष्ट कळली की ती जास्त नीट झोपतात. पण हा आकडा भांडणात वापरायचा नाही, तो माहिती म्हणून एकदा द्यायचा आणि परत उगाळायचा नाही.

मुदत त्याने स्वतः ठरवावी, आणि ती पुढच्या जाहिरातीचा फॉर्म भरण्याआधी ठरवावी. निकालाच्या रात्री कुणी शहाणा निर्णय घेत नाही. नाव थोडक्यात हुकलं तर माणूस ‘एकच शेवटचा’ म्हणतो, फार लांब राहिलं तर सगळंच सोडून पळतो. आधी लिहून ठेवलेलं असलं की त्या रात्री फक्त वाचायचं उरतं. आणि त्या मुदतीपर्यंत नुसता अभ्यास नको, काहीतरी कमावतं काम हवं, दिवसाचे तीन-चार तास का होईना: शिकवणी, टेस्ट सिरीजचे पेपर तपासणं, कृषी सल्ल्याचं लिखाण, काहीही. ‘पूर्णवेळ दिल्याशिवाय होत नाही’ हे पेठेतलं ब्रह्मवाक्य मला पटत नाही. बारा तास टेबलावर बसलेल्यांचे चार तास कसे जातात ते चहाच्या टपरीवर दिसतं. स्वतःच्या कमाईचे चार पैसे हातात असले की नातेवाइकांच्या लग्नात उभं राहायला बळ येतं, आणि ते बळ अभ्यासालाही लागतं.

फोन घेणं कमी केलंय, हे मात्र मी हलकं घेत नाही. कारण काहीही असो, आधी त्याला भेटा. फोनवर नको, एक दिवस पुण्यात जा, त्याच्या खोलीवर जा, त्याच्याबरोबर मेसमध्ये जेवा आणि परीक्षेचा विषय काढू नका. झोप लागते का, जेवण जातं का, मित्र आहेत की एकटा पडलाय, हे बघा. ‘आता काही अर्थ नाही’, ‘मी ओझं झालोय’ अशी भाषा आली तर त्याला घेऊनच या, आणि १४४१६ या सरकारी टेली-मानस क्रमांकावर बोला; तिथे मराठीत बोलता येतं. अशा वेळी परीक्षा, मुदत, बँक, काही महत्त्वाचं नसतं. पेठेत हे घडलेलं आम्ही पाहिलंय आणि पुन्हा बघायचं नाही.

गावाबद्दलही बोलायला हवं. पोस्ट निघालेल्या मुलाचं कौतुक जरूर व्हावं, त्याने केलंयच तसं. पण जेसीबी, गुलाल, चौकात वीस फुटी बॅनर, त्यावर नेत्यांचे फोटो, या प्रकाराला माझा ठाम विरोध आहे. ज्या गावात एकाची मिरवणूक निघते त्याच गावात सात-आठ मुलं त्या दिवशी दार लावून बसलेली असतात. मी जिथे बोलायला जातो तिथे आता एकच अट घालतो: सत्कार करायचा तर गावात चांगलं काम उभं केलेल्या बाकी माणसांचाही त्याच मांडवात करा. रोपवाटिका चालवणारा, अंगणवाडी नीट चालवणारी, बँकेत लागलेली, अटेम्प्ट संपल्यावर दूध संकलन केंद्र काढलेला. काही गावांनी ऐकलं. त्या कार्यक्रमांना तयारी करणारी मुलं मागच्या रांगेतून पुढे येऊन बसली, आणि त्यांनी सर्वांत जास्त प्रश्न त्या दूधवाल्याला विचारले: भांडवल किती लागलं, कर्ज कुणी दिलं, घरचे काय म्हणाले. तुमच्या ग्रामपंचायतीत तुमचा शब्द चालत असेल तर पुढच्या वेळी एवढं करून बघा.

पुण्याला जाल तेव्हा पहिल्या दिवशी काही मागू नका. दुसऱ्या दिवशी निघताना गुणपत्रकं मागा. बहुतेक तो ‘पाठवतो’ म्हणेल आणि पाठवणार नाही, कारण ती त्याने स्वतःही नीट बघितलेली नसतात. आठवडाभर थांबून पुन्हा मागा. आली की तिन्ही वर्षांचे गुण आणि त्या त्या वर्षाचा त्याच्या प्रवर्गाचा कट-ऑफ एका कागदावर शेजारी शेजारी लिहा, आणि आयबीपीएसची पुढची जाहिरात येते तेव्हा त्याचं वय किती असेल तेही त्याच कागदावर लिहा. मग तो कागद समोर ठेवून तुम्ही, तो आणि वडील असे तिघंच बसा. मामा-काका नकोत.